नदीचा मक्ता

सिंगापूरच्या वायव्येला चोआ चू कांग नावाचं उपनगर आहे. नाव चिनी, दक्षिणेकडच्या तेओच्यू बोलीतलं. 'चोआ' हे आडनाव, 'चू' म्हणजे घर आणि 'कांग' म्हणजे नदीचं मुख, होड्या लागतात ती जागा. चोआ घराण्याची नदी म्हणा ना. लिम चू कांग आणि यिओ चू कांग ही नावंही याच घडणीची. (संसदेचा मतदारसंघ मात्र 'चुआ चू कांग' असा लिहितात. आडनावाच्या स्पेलिंगचा घोळ फक्त आपल्याकडेच असतो असं नाही.)

एकोणिसाव्या शतकात चिनी मळेवाले नदीनाल्यांच्या वाटेनं आत शिरले, रान तोडून मिरी आणि गॅम्बियर लावू लागले. गॅम्बियर म्हणजे आपल्या विड्यातल्या काताचा जातभाई, कातडी कमावायला उपयोगी. अशा वस्तीचा प्रमुख तो 'कांगचू'. यातला 'चू' घराचा नव्हे, धन्याचा. चिनी लिपीत दोन्हींची चिन्हं वेगळी, देवनागरीत येताना फरक पुसला जातो. कांगचू म्हणजे नदीचा धनी.

सामुद्रधुनीपलीकडे, जोहोरमध्ये, ही पद्धत रीतसर कागदावर आली. 1844 पासून तिथला तेमेंगोंग, म्हणजे मलय सत्ताधीश, 'सुरात सुंगाई' देऊ लागला. शब्दशः नदीपत्र. ते ज्याच्या हाती, त्या नदीवर अफू, दारू, जुगार, गहाणवट आणि डुकराचं मांस यांचा धंदा त्याचा. मळ्यात राबणाऱ्यानं अफू घ्यायची तर त्याच्याकडूनच.

या व्यवस्थेला मराठीत चपखल शब्द आहे, मक्ता. अरबीतल्या 'कापणे' या अर्थाच्या धातूपासून 'मुकाताआ' झाला: सरकारी उत्पन्नाचा एक तुकडा कापून ठरावीक रकमेला कुणाला तरी लावून देणं. दिल्लीच्या सुलतानांची 'इक्ता' त्याच धातूची. 'मोनोपॉली'चा ग्रीक अर्थ 'एकट्यानं विकणं' एवढाच. मराठीनं त्याला मक्तेदारी म्हटलं आणि एक गोष्ट जास्त सांगितली: हा हक्क कुणीतरी कापून दिलेला असतो. धनी आपोआप होत नाही, त्याच्यामागे एक कागद असतो.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत तो कागद म्हणजे कॉपीराइट आणि पेटंट. म्हणून 'प्रोप्रायटरी' सॉफ्टवेअरला सरसकट 'मालकीचं' म्हणणं मला अपुरं वाटतं. ज्याचा मूळ कोड कुणालाही पाहता, बदलता येतो त्या लिनक्सलाही मालकी आहे, त्यातल्या ओळीओळीचा कॉपीराइट कुणाचा ना कुणाचा आहेच. फरक आहे तो मक्त्याचा. विंडोज विकत घेणाऱ्याच्या हाती येतो तो परवाना. मूळ कोड पाहण्याचा, बदलण्याचा हक्क त्यात नसतो.

चोआ चू कांगच्या शेजारचं मेट्रो स्टेशन बुकित गोंबाक. तिथल्या टेकडीवर सिंगापूरच्या संरक्षण मंत्रालयाचं मुख्यालय आहे. 2004 मध्ये या मंत्रालयानं सुमारे 5,000 संगणकांवर मायक्रोसॉफ्ट ऑफिसला पर्याय म्हणून लिनक्ससारखंच खुल्या कोडचं ओपनऑफिस बसवल्याची बातमी गाजली. संरक्षण खात्यासारखं सावध गिऱ्हाईक हलतंय म्हटल्यावर धनी अस्वस्थ होणारच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर सिंगापूरला आले आणि आशियातल्या सरकारी नेत्यांसमोर म्हणाले, लिनक्समुळे 228 हून अधिक पेटंटांचा भंग होतो. जागतिक व्यापार संघटनेत आलेल्या देशांकडे आज ना उद्या कुणीतरी त्याचे पैसे मागायला येईल, असंही त्यांनी सुचवलं. ही नदीच्या धन्याचीच भाषा. आधार होता त्याच वर्षीच्या एका अहवालाचा, पण त्यातला आकडा 283 होता. ही सारी पेटंटं 'कदाचित' या सदरातली होती, एकही न्यायालयात तपासलेलं नव्हतं आणि मायक्रोसॉफ्टची स्वतःची त्यात 27 होती. अहवालाच्या लेखकानंच बामर यांचं वाचन चुकीचं असल्याचं सांगितलं.

आता लिनक्ससारख्या सॉफ्टवेअरला लावतात तो शब्द, 'ओपन सोर्स'. 'सोर्स' हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, मूळ अर्थ वर उसळणारं पाणी, झरा. आपण त्याला 'स्रोत' म्हणतो. संस्कृतात स्रोत हा उगम नव्हे, प्रवाह. धातू 'स्रु', स्रवणं आणि स्राव त्याचेच, आणि इंग्रजी 'स्ट्रीम' त्याची लांबची बहीण. काटेकोर बोलायचं तर 'सोर्स'ला 'उगम' हवा होता. पण चुकून का होईना, 'स्रोत' बरा पडला, कारण हा कोड एका ठिकाणी साठत नाही, हातोहात पुढे जातो.

विशेषण मात्र जपून निवडावं. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये अशाच सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्यांचा आग्रह 'फ्री' या शब्दाचा, स्वातंत्र्याच्या अर्थानं. इंग्रजीत त्यातून 'फुकट' असाही अर्थ निघतो आणि कंपन्या बिचकतात, म्हणून 1998 मध्ये क्रिस्टीन पीटरसन यांनी 'ओपन सोर्स' सुचवला. स्टॉलमन यांना तो अजून पटलेला नाही. मराठीला ती अडचणच नव्हती. 'फुकट' वेगळा, 'मुक्त' वेगळा. त्यामुळे 'खुला स्रोत' म्हणण्यापेक्षा 'मुक्त स्रोत' म्हणावं असं माझं मत. खुलं दार पुन्हा लावता येतं. 'मुक्त' संस्कृत 'मुच्'पासूनचा, म्हणजे सोडवलेला. अरबी मक्त्याशी त्याचं काही नातं नाही, पण दोन्ही शेजारी ठेवले की भांडण कशाचं होतं ते कळतं.

जोहोरमधले कांगचूंचे हक्क 1917 च्या कायद्यानं रद्द झाले. मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर 2018 मध्ये आपली 60,000 हून अधिक पेटंटं लिनक्सच्या बचावासाठी उभारलेल्या ओपन इन्व्हेन्शन नेटवर्कच्या करारात आणली. विंडोज आणि ऑफिसचा मूळ कोड मात्र आजही बंद आहे.