पाळण्याच्या बाजूने पाहिलेला आजार

आज घरोघरी ‘पीसीओडी’ म्हणून ओळखला जाणारा बीजांडकोशाचा विकार नवा नाही. तो कोणत्या प्रश्नाने शोधायचा, हे मात्र बदलत आले आहे. काश्यपसंहिता या प्राचीन आयुर्वेदग्रंथाच्या रेवतीकल्पात ‘पुष्पघ्नी’चे वर्णन आहे: गाल जाड आणि केसाळ, पाळी वेळेवर येते, पण ती फळत नाही. एवढ्यावरून ‘आपल्याला सारे ठाऊकच होते’ असे म्हणता येत नाही, कारण या विकारात पाळी बहुधा लांबते. वर्णनाचा रोख मात्र ध्यानात घेण्यासारखा आहे. बाईचे दुखणे पाळण्यावरून मोजले जात होते. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी सात रुग्णांच्या आधारे हा विकार मांडला, तेव्हाही बीजांडकोशाचा पाचरीच्या आकाराचा तुकडा काढल्यावर पाळी सुरू होते का, दिवस राहतात का, हीच यशाची खूण होती.

हे माप पुढे बदलले. १९९० च्या अमेरिकी निकषांनी अनियमित पाळी आणि पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य यांवर भर दिला; २००३ मध्ये रॉटरडॅमच्या तज्ज्ञबैठकीत त्यांना सोनोग्राफी जोडली गेली आणि तीनपैकी दोन लक्षणे पुरेशी ठरली. व्याख्या सैल झाली की आकडा फुगतो. मुंबईतील १५ ते २४ वर्षांच्या मुलींच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एका निकषाने १०.७ टक्के, तर रॉटरडॅमच्या निकषाने २२.५ टक्के मुली या विकारात मोडल्या. मग हा रोग डॉक्टरांनीच वाढवला, असा आक्षेप येतो. त्यात तथ्य आहे. सोनोग्राफीत दिसणाऱ्या ‘गाठी’ म्हणजे वाढ अडलेली बीजपुटके, आणि कोवळ्या वयात ती निरोगी मुलींतही दिसतात. म्हणूनच २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनाने पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी नको, असे सांगितले.

पूर्व विदर्भातल्या गोंदियासाठी ही दुरुस्ती मोलाची आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये मिळाले. देवरी-सालेकसाच्या जंगलपट्टीतून गोंदिया शहर गाठायचे म्हणजे मजुरी बुडवायची. पण मुलीची पाळी अनियमित असेल आणि चेहऱ्यावर राठ केस असतील, तर निदानाची सुरुवात यंत्राने नव्हे, विचारण्याने होते; इतर कारणे वगळण्यासाठी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनची रक्ततपासणी मागाहून. कोणी म्हणेल, धानाच्या बांधीत रोवणीला वाकणाऱ्या बाईला हा बसून खाणाऱ्यांचा रोग कुठून होणार? पण तो सडपातळ बायकांनाही होतो. खरी अडचण ‘लग्न झालं की होईल नीट’ या दिलाशाची आहे. त्यापायी मुलगी लग्नाआधी डॉक्टरांना दाखवली जात नाही, आणि पाळी नियमित करणाऱ्या गोळ्या ‘कुटुंबनियोजनाच्या’ म्हणून नाकारल्या जातात. दरम्यान मधुमेहाचा धोका वाढतो, गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहते. हालचाल, आहार, गोळ्या, गरजेनुसार मेटफॉर्मिन, हे उपचार मूल हवे असो वा नसो, लागतातच. पाळी सुरू होऊन तीन वर्षे झाल्यावरही वर्षभरात आठपेक्षा कमी पाळ्या येत असतील, तर लग्नाची वाट न पाहता मुलीला डॉक्टरांना दाखवावे.