माप घेणारीचे कान

कपडे शिवायला येणाऱ्या बाईसमोर घरची बाई निर्धास्त बोलते. माप घेण्यात, टाचण्या लावण्यात तास जातात आणि नवऱ्यापासून लपवलेली उधारीही त्या वेळात तोंडून निघून जाते. मेरी टॉड लिंकन यांचे असेच झाले. कपड्यालत्त्यापायी झालेले सुमारे २७,००० डॉलरचे कर्ज राष्ट्राध्यक्ष नवऱ्याला ठाऊक नव्हते. एलिझाबेथ केकली यांना ठाऊक होते.

केकलींचा जन्म १८१८चा, व्हर्जिनियातल्या गुलामगिरीतला. पुढे सेंट लुइसमध्ये त्यांच्या एका सुईवर मालकाचे सतरा माणसांचे घर चालले. १८५५ साली १,२०० डॉलर भरून त्यांनी स्वतःला आणि मुलाला सोडवून घेतले. ती रक्कम गिऱ्हाईक बायकांनी उसनी दिली होती. केकलींनी ती शिवणकाम करून फेडली. १८६१ पासून त्या मेरी लिंकन यांचे कपडे शिवू लागल्या. त्याच वर्षी मुलगा यादवी युद्धात मारला गेला. पुढच्या फेब्रुवारीत लिंकन यांचा विली गेला, तेव्हा त्याला शेवटचे न्हाऊ घालायला, कपडे चढवायला केकलींचेही हात होते.

१८६७ मध्ये विधवा मेरी नाव बदलून न्यूयॉर्कमध्ये आपले जुने कपडे विकू लागल्या. वर्तमानपत्रांनी त्यांची उरलीसुरली अब्रू टांगली. त्यांची बाजू मांडावी म्हणून केकलींनी १८६८ मध्ये 'बिहाइंड द सीन्स' हे आत्मकथन छापले. पण त्यात मेरींची खासगी पत्रेही छापली गेली. मेरींनी संबंध तोडले. त्याच वर्षी एक विडंबनही निघाले. त्यात लेखिका निरक्षर ठरवलेली, सहीच्या जागी फुली. वर्तमानपत्रांनी केली ती बातमी. शिवणाऱ्या बाईने लिहिली ती चहाडी.

पाचच वर्षांनी जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना. त्या मुक्तीतून आलेल्या एका बाईचे पुस्तक मात्र तिच्याच देशाला सोसले नव्हते.

या पुस्तकातली काही पाने मराठीत आणताना मी सर्वनामापाशी अडले. इंग्रजीत दोघींना एकच 'यू'. मराठीत मेरींच्या तोंडी 'तू' घातले, केकलींच्या तोंडी 'तुम्ही'. आपण मोलकरणीलाही 'तू' म्हणतो आणि जिवाभावाच्या मैत्रिणीलाही. एकाकी मेरी पत्रांतून केकलींची विनवणी करतात, तिथले 'तू' यांपैकी कुठले? मला ठरवता आले नाही, आणि मराठीने ठरवायला लावलेही नाही. पण केकलींचे 'तुम्ही' कुठेच सैल करता येईना.

पुस्तकाच्या शीर्षकपानावर केकलींच्या नावाखाली तीन ओळखी आहेत: पूर्वीची गुलाम, अलीकडे पोशाख शिवणारी, आणि श्रीमती लिंकन यांची मैत्रीण. पहिल्या दोन जगाला मान्य होत्या. तिसरीसाठी त्यांना गिऱ्हाइके गमवावी लागली. पुढे १८९२ मध्ये विल्बरफोर्स विद्यापीठात त्यांनी मुलींना शिवण शिकवले. १९०७ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका निराधारगृहात त्या वारल्या.

'मैत्रीण' हा शब्द मी तसाच ठेवला आहे.