कौटुंबिक मोटारगाडीतील आसनव्यवस्था

कौटुंबिक मोटारगाडीतील आसनव्यवस्था म्हणजे चालक, सहप्रवासी आणि लहान मुले यांना गाडीच्या मर्यादित जागेत सुरक्षितपणे व सोयीने बसता यावे, यासाठी केलेली आसनांची, सीटबेल्टची आणि बालआसनांची रचना होय. चालक उंच असला आणि घरात लहान मुले असली, की हा विषय केवळ आरामाचा राहत नाही. चालक आपले आसन जितके मागे सरकवतो, तितकी त्याच्या पाठीमागची जागा कमी होते. आणि तान्ह्या मुलाच्या मागे तोंड असलेल्या बालआसनाला नेमकी तीच जागा हवी असते. भारतात अशा कुटुंबांचा ओढा मुख्यत्वे तीन ओळींच्या बहुउपयोगी वाहनांकडे, म्हणजे एमपीव्हीकडे असतो.

पार्श्वभूमी

एकाच गाडीत अधिक माणसे सामावून घेण्याचे प्रयत्न युरोपात दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाले. फोक्सवॅगनची टाइप २ ही डबेवजा गाडी १९५० मध्ये, तर फियाटची ६०० मुल्टिप्ला १९५६ मध्ये आली. मुल्टिप्लाची लांबी जेमतेम साडेतीन मीटर असूनही तीत सहा जण बसत. चालकाला थेट पुढच्या चाकांवर बसवून ही जागा मिळवलेली होती. टक्कर झाल्यास त्याच्या पायांपुढे काय उरते, हा प्रश्न तेव्हा फारसा विचारला जात नसे. आजच्या एमपीव्हीचे रूप ठरले ते १९८३ च्या अखेरीस अमेरिकेत आलेल्या क्रायस्लरच्या मिनीव्हॅनमुळे आणि १९८४ मधील फ्रान्सच्या रेनो एस्पासमुळे.

भारतात १९८४ मध्ये आलेली मारुती व्हॅन, म्हणजे पुढे ओम्नी या नावाने घरोघर पोहोचलेली गाडी, ही मध्यमवर्गाची पहिली ऐसपैस गाडी म्हणता येईल. १९९४ मध्ये टाटा सुमो आली. सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव ठेवले गेले. सुमोच्या मागच्या भागात समोरासमोर बसायचे बाक असत आणि वऱ्हाडापासून देवदर्शनापर्यंत सर्व प्रवास त्यांवर पार पडत. टोयोटाची क्वालिस (२०००) आणि तिच्या जागी आलेली इनोव्हा (२००५) यांनी तिसरी ओळही पुढे तोंड करून बसण्याची केली. २०१२ मध्ये आलेल्या मारुती अर्टिगाने हीच सोय तुलनेने कमी किमतीत दिली. नाशिक येथे तयार झालेली महिंद्रा मराझो २०१८ मध्ये, रेनो ट्रायबर २०१९ मध्ये आणि किया कॅरेन्स २०२२ मध्ये बाजारात आली.

चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, ठरावीक क्षमतेच्या इंजिनांच्या गाड्यांना भारतात करात सवलत मिळते. त्यामुळे अनेक उत्पादकांनी गाड्या या मर्यादेत बसवल्या. ३.९९ मीटर लांबीच्या ट्रायबरमध्ये सात आसने आहेत. मात्र सातही वापरात असताना डिकीत अवघी ८४ लिटर जागा उरते. सुमारे ४.४ मीटर लांबीच्या अर्टिगात ती २०९ लिटर आहे. तिसरी ओळ दुमडल्यावर हे आकडे अनुक्रमे ६२५ आणि ५५० लिटर होतात, म्हणजे लहान गाडीच पुढे जाते. बाबागाडी आणि सात माणसे एकाच वेळी या दोन्हींपैकी कोणत्याही गाडीत सहज मावत नाहीत, हे जाहिरातींतून कळत नाही.

चालकाची उंची

आसनव्यवस्थेच्या आरेखनात माणसाच्या कमरेच्या सांध्याचे स्थान हा मूळ बिंदू धरतात. त्याला एच-पॉइंट म्हणतात. या बिंदूपासून पेडल, छत, काच आणि स्टिअरिंग यांची अंतरे ठरवली जातात. सर्व चालकांना सोयीचे असे एकच स्थान नसल्याने आसन मागे-पुढे व वर-खाली सरकवण्याची सोय दिली जाते. सुमारे १८३ सेंटीमीटर, म्हणजे सहा फूट, किंवा त्याहून अधिक उंचीच्या चालकाला या सोयीच्या टोकाशी बसावे लागते आणि गाड्यांमधले खरे फरक तेथे दिसू लागतात.

पहिला प्रश्न स्टिअरिंगचा. अनेक गाड्यांच्या स्वस्त श्रेणींत स्टिअरिंग केवळ वर-खाली होते, चालकाकडे ओढून घेता येत नाही. अशा गाडीत उंच चालक पायांसाठी आसन मागे नेतो तेव्हा हात ताणले जातात. हातांसाठी पुढे येतो तेव्हा गुडघे स्टिअरिंगच्या खालच्या भागाला लागतात. बहुतेक जण मधला मार्ग काढतात आणि पाठीचे दुखणे घेऊन घरी येतात. पाठ टेकलेली असताना हात सरळ केल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकावे आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला असावा, ही योग्य बैठकीची रूढ खूण आहे. छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटीमीटर अंतर असावे, असे एअरबॅगच्या संदर्भात सांगितले जाते.

दुसरा प्रश्न डोक्यावरच्या जागेचा. काचेचे उघडझाप होणारे छत, म्हणजे सनरूफ, बसवलेल्या श्रेणीत तिच्या चौकटीमुळे आतली उंची काही सेंटीमीटरने घटते. त्यामुळे एकाच गाडीच्या महागड्या श्रेणीत उंच माणसाचे डोके छताला लागते आणि स्वस्त श्रेणीत लागत नाही, असा विरोधाभास आढळतो. आसन उंचीला सर्वांत खाली नेता येणे उंच चालकाला आवश्यक असते; ज्या श्रेणीत ही सोय नसते, तेथे आसन मधल्या उंचीवर कायमचे बसवलेले असू शकते. बाहेरून उंच दिसणारी गाडी आतून उंच असेलच असेही नाही, कारण तिची जमीनही वर असते. डोळे काचेच्या वरच्या कडेजवळ आल्यास चौकातील सिग्नल पाहण्यासाठी मान वाकवावी लागते.

गुडघ्यांच्या बाजूची जागा, मांडीला मिळणारा आधार आणि डोक्यामागच्या उशीची उंची या गोष्टी त्यामानाने दुर्लक्षित राहतात. त्यांपैकी उशीचे महत्त्व सुरक्षेसाठी आहे. मागून धडक बसल्यास मानेला हिसका बसू नये म्हणून तिची वरची कड निदान कानांच्या वरच्या टोकाइतकी उंच हवी. उंच माणसाच्या मानेशीच संपणारी उशी हे काम करू शकत नाही.

मुलांची आसने

तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड असते आणि मान कोवळी असते. समोरून टक्कर झाल्यास पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचे डोके झटक्याने पुढे फेकले जाते. मागे तोंड असलेल्या आसनात तोच आघात पाठ, मान व डोके यांवर एकत्र विभागला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या आर १२९ या नियमानुसार १५ महिन्यांपेक्षा लहान मुलांसाठी मागे तोंड असलेले आसनच वापरणे बंधनकारक आहे. त्यानंतरही शक्य तितका काळ तसेच बसवणे हितावह मानले जाते.

भारतात मूल आईच्या मांडीवर बसवण्याची पद्धत अजून रूढ आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी टक्कर होऊन थांबते, तेव्हा दहा किलो वजनाच्या मुलाला धरून ठेवण्यासाठी क्षणभर दोन-तीनशे किलो वजन पेलण्याइतके बल लागू शकते. ते कोणाच्याही हातांत नसते. मोठ्या माणसाच्या सीटबेल्टमध्ये मुलाला सोबत घेणे त्याहून घातक, कारण मागचे मोठे शरीर मुलाला पट्ट्यावर चिरडते.

मागे तोंड असलेले आसन तिरके असल्याने लांबीला बरीच जागा घेते. उंच चालकाच्या पाठीमागे ते अनेकदा बसतच नाही, किंवा बसवण्यासाठी चालकाला पुढे सरकावे लागते. भारतात स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे हे आसन दुसऱ्या ओळीत डावीकडे बसवणे सोयीचे ठरते. पुढे बसणारी व्यक्ती तुलनेने कमी उंचीची असल्यास तेथे अधिक जागा मिळते आणि मुलाची चढउतार रहदारीच्या बाजूने न होता पदपथाच्या बाजूने होते. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या आसनावर मागे तोंड असलेले बालआसन कधीही ठेवू नये. उघडणारी एअरबॅग थेट बाळाच्या डोक्यामागच्या पाठीवर आदळते.

बालआसन सीटबेल्टने किंवा आयसोफिक्स या प्रमाणित खिट्ट्यांनी बसवले जाते. आयसोफिक्समध्ये पट्टा ढिला राहण्याची चूक टळते. भारतीय गाड्यांत या खिट्ट्या बहुधा दुसऱ्या ओळीच्या दोन कडेच्या आसनांनाच असतात. तीन लहान मुले असलेल्या कुटुंबाला तिसऱ्या आसनासाठी तीन-बिंदू सीटबेल्टवर अवलंबून राहावे लागते. आणि मधल्या आसनाला केवळ कमरेचा पट्टा असेल, तर थोड्या मोठ्या मुलाची उंच बैठकही तेथे नीट वापरता येत नाही.

तिसरी ओळ

सात आसनी गाडीत तिसऱ्या ओळीकडे जाण्यासाठी दुसऱ्या ओळीचे आसन दुमडावे लागते. त्या आसनावर बालआसन घट्ट बसवलेले असले, की ही वाट बंद होते. दुसऱ्या ओळीत दोन स्वतंत्र आसने व मधून वाट असलेली रचना अशा कुटुंबाला सोयीची पडते, मात्र एक आसन कमी होते. काही वाहनांत मागे बाजूला तोंड केलेली आसने असतात. त्यांवर बालआसन बसवता येत नाही आणि मुलांना तेथे बसवणे योग्य नाही. तिसऱ्या ओळीतील पाठ आणि मागचे दार यांत अंतर थोडे असते, हेही लक्षात घ्यावे लागते. सीएनजीची टाकी मागे असल्यास डिकीची जागा तीच व्यापते.

कायदा आणि चाचण्या

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार १४ वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा बालआसनाने सुरक्षित न करता वाहन चालवल्यास १,००० रुपये दंड आहे. मागच्या आसनावरील पट्ट्याचा प्रश्न ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाल्यावर देशभर चर्चेत आला. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून सर्व प्रवाशांसाठी पट्टा सक्तीचा केला.

१ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनसीएपी चाचणीत प्रौढांच्या संरक्षणासाठी ३२ आणि मुलांच्या संरक्षणासाठी ४९ गुण आहेत. दोन्हींचे तारे वेगवेगळे दिले जातात, आणि कौटुंबिक गाडीसाठी दुसरा आकडा पाहिल्याशिवाय पहिला अपुरा आहे. ग्लोबल एनसीएपीच्या २०१८ च्या चाचणीत मराझोला प्रौढांसाठी चार आणि मुलांसाठी दोनच तारे मिळाले होते. अर्टिगाला २०१९ मध्ये दोन्हींसाठी तीन, तर नियम कडक झाल्यावर २०२४ मध्ये अनुक्रमे एक व दोन तारे मिळाले. त्यामुळे ताऱ्यांबरोबर चाचणीचे वर्षही पाहावे लागते. शिवाय चाचणीतील चालकाचा पुतळा सरासरी उंचीच्या पुरुषाचा असतो. आसन शेवटपर्यंत मागे नेलेल्या उंच चालकाचे काय होईल, हे ताऱ्यांवरून थेट कळत नाही.

निवडीची पद्धत

उत्पादक पायांसाठीच्या जागेचे आकडे देतात, परंतु पुढची व मागची कमाल जागा एकाच वेळी मिळेलच असे नाही. म्हणून विक्रीदालनात सर्वांत उंच चालकाने आधी आपले आसन, स्टिअरिंग व आरसे लावून घ्यावेत, आणि त्यानंतर पुढची आसने न हलवता घरचे बालआसन मागे बसवून पाहावे. क्रम उलटा केल्यास तडजोड नेहमी चालकाच्या बैठकीत होते आणि ती दालनात जाणवत नाही. घ्यावयाची श्रेणीच तपासणे आवश्यक असते, कारण सनरूफ, आसनाची उंची आणि आयसोफिक्स यांत श्रेणीनुसार फरक पडतो. मुलांचे वय पाच-सात वर्षांनी वाढणार असल्याने मागे तोंड असलेल्या आसनापासून उंच बैठकीपर्यंतचे टप्पे त्याच गाडीत पार पडतील का, हेही पाहिले जाते. ज्या गाडीत हे जुळते, ती नेहमीच सर्वांत मोठी असते असे नाही.