विहिरीवरच्या मोटारीला फोन लागतो तेव्हा

आजचा भाग जरा ग्रीसच्या वासाचा आहे, कारण विषय आहे मोटार आणि तिचा स्टार्टर.

मी पिंपळनेरचा. लहानपणी रात्री दोनला गल्लीत कुणीतरी ओरडायचं, "लाईट उनी रे भो!" की काका बॅटरी आणि काठी घेऊन मळ्याकडे निघायचे. शेतीच्या फिडरला थ्री-फेज लाईट तेव्हा दिवसा 8 तास नाहीतर रात्री 10 तास असायची, आलटून-पालटून. वाटेत साप, बिबट्याची भीती. आणि एवढं करून काम काय? एक हिरवं बटण दाबायचं.

गंमत बघा, आमच्याच भागात उगम पावणाऱ्या पांझरेवर फड पद्धत कित्येक शतकं चालली. बंधाऱ्याचं पाणी सोडायला पाटकरी असायचा. तो एकटा सगळ्या फडाचं पाणी बघायचा, बाकीचे निवांत. विहिरीवर मोटार आली आणि प्रत्येक शेतकरी स्वतःचाच पाटकरी झाला.

यावर पहिला जुगाड म्हणजे ऑटो स्विच. लाईट आली की मोटार आपोआप चालू. पण मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट करंट खेचते. डीपीवरच्या वीस मोटारी एकाच क्षणी उठल्या तर काय होणार? डीपी जळणार! मग आठ-आठ दिवस सगळं गाव कोरडं. महावितरण अजूनही ऑटो स्विच काढा म्हणून विनवण्या करते, ते यामुळेच.

खरी अडचण वेगळी होती. बटण कुणी दाबायचं हा प्रश्न सुटेल, पण घरी बसलेल्याला तिकडची खबर कशी कळणार? लाईट आहे का? तिन्ही फेज आहेत का? दोन फेजवर मोटार चालली की वाइंडिंग गेलंच समजा.

पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांनी म्हाताऱ्या आजोबांची पंपासाठीची पायपीट पाहिली होती. त्यातून त्यांनी 'नॅनो गणेश' बनवलं. एक साधा मोबाईल स्टार्टरशेजारच्या डब्याला जोडायचा. घरून फोन लावायचा, तो आपोआप उचलला जातो, मग आकडा दाबायचा. प्रत्येक आकड्याला दोन सुरांची एक जोडी असते. ही टच-टोनची युक्ती अमेरिकेत 1963 साली टेलिफोनसाठी आली होती. डब्यातलं सर्किट सूर ओळखतं, रिले ओढतं, म्हणजे हिरवं बटण दाबल्यासारखंच. आणि लाईट आहे की नाही, हे फोनवरच आवाजावरून कळतं. 2009 मध्ये नोकियाच्या स्पर्धेत याला बक्षीस मिळालं. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की स्मार्टफोन नको, इंटरनेट नको, वाचता यायलाच हवं असंही नाही.

आता सौर पंप आले. कुसुम योजना 2019 ची. त्यातल्या कंट्रोलरमध्ये ड्राइव्ह असतो. ऊन कमी झालं तर तो मोटार बंद न करता तिचा वेग कमी करतो. शेजारी सिमकार्डवाला डबा. हे दोघं आपसात मॉडबस नावाच्या भाषेत बोलतात. मॉडबस 1979 चा, कारखान्यातल्या मशीनसाठी केलेला. त्यांच्यामधली आरएस-485 ची वायरिंग 1983 च्या स्टँडर्डवर चालते. मी रोज नवनवीन फ्रेमवर्कच्या मागे धावतो, आणि मळ्यात हा म्हातारा प्रोटोकॉल उन्हातान्हात बिनतक्रार चाललाय!

फरक एवढाच की नॅनो गणेशचा फोन शेतकऱ्याला उत्तर द्यायचा. हा डबा आधी सर्व्हरला सांगतो: किती व्होल्टेज, किती पाणी, किती तास. शेतकऱ्याला ॲपमध्ये दिसेल तेवढं दिसेल. दुरून देखरेख असल्याने बंद पडलेला पंप लवकर लक्षात येतो, हे मान्य. पण माझ्या विहिरीची माहिती माझ्याआधी दुसरीकडे का, हा काकांचा प्रश्न मला टाळता आला नाही.

दिवाळीत गेलो तेव्हा त्यांना डब्यातल्या ए आणि बी लिहिलेल्या दोन बारीक वायरी दाखवल्या. त्यांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "उंदराने कुरतडल्या तर?"

तर काय, काका. बॅटरी आणि काठी.