फियाटचा ब्रेक आणि मुंबईचे मिस्त्री

मोटारीचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी बहुधा इंजिनाच्या अश्वशक्तीवर, सांगाड्याच्या डौलावर आणि फार झाले तर शर्यतीतल्या वेगाच्या उच्चांकावर खिळलेली असते. गाडी थांबते कशी, आणि थांबण्याची ती शक्ती वर्षानुवर्षे शाबूत राखतो कोण, याची विचारपूस त्यांच्या ग्रंथांतून क्वचितच झालेली आढळते. मुंबईपुरते बोलायचे तर ही उपेक्षा अन्यायाची आहे. ज्या नगरीत काळ्या-पिवळ्या टॅक्सीला भायखळ्याहून फोर्टात पोचेपर्यंत पावलोपावली थांबावे लागे, त्या नगरीत फियाट अकराशे आणि तिचेच पुढचे रूप असलेली प्रीमियर पद्मिनी यांनी जवळजवळ सत्तर वर्षे काढली, ती इंजिनाच्या बळावर जितकी काढली त्याहून अधिक ब्रेकची निगा राखणाऱ्या मिस्त्र्यांच्या बळावर काढली, असे माझे निश्चित मत आहे.

या ब्रेकची वंशावळ, या गाड्या जेथे बनत त्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या आधी, अमेरिकेत शोधावी लागते. आरंभीच्या मोटारींत पायाचा दाब चाकांपर्यंत नेण्याचे काम लोखंडी कांबी आणि तारा यांच्याकडे असे. त्यांतली एखादी जरा सैल पडली की एक चाक आधी धरी, दुसरे मागाहून, आणि गाडी ऐन प्रसंगी रस्ता सोडून एका अंगाला ओढ घेई. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, या पास्कलच्या सिद्धान्ताच्या आधारे माल्कम लॉकहीड याने पहिल्या महायुद्धाच्या काळात द्रवदाबाचा ब्रेक रचला आणि १९२१ साली ड्यूसेनबर्ग या महागड्या गाडीच्या चारही चाकांना तो लाभला. तथापि मध्यम ऐपतीच्या माणसाच्या आवाक्यात तो आणण्याचे श्रेय १९२४ सालच्या क्रायस्लर गाडीकडे जाते, कारण ब्रेकच्या सिलिंडरातल्या चामडी वाट्या गळत असत, त्यांच्या जागी रबरी वाट्या बसवून क्रायस्लरच्या अभियंत्यांनी या रचनेतला मुख्य दोष नाहीसा केला. पुढे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली तेव्हा करार झाला तो याच क्रायस्लर कंपनीशी, आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या त्याही तिच्याच घराण्यातल्या. इटलीच्या फियाटशी सोयरीक जुळली ती त्यानंतर, आणि १९५४ पासून फियाट अकराशे मुंबईच्या रस्त्यांवर दिसू लागली.

हा काळ परवान्यांचा होता. परदेशी तयार गाड्यांच्या आयातीस १९४९ सालीच मनाई झाली होती. ज्या कंपन्यांपाशी सुटे भाग येथेच घडवण्याची तजवीज नव्हती त्यांना पुढे गाशा गुंडाळावा लागला, आणि शिवडीला १९२८ पासून गाड्यांची जोडणी करणारी जनरल मोटर्सही १९५४ च्या सुमारास निघून गेली. नवी फियाट हवी तर पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहणे आले. अशा टंचाईत जुनी गाडी मोडीत काढणे कोणाला परवडणार? जी वस्तू दुसऱ्या देशांत झिजली की फेकून देत, ती येथे लेथवर चढवली जाई, आणि या सक्तीच्या काटकसरीतूनच गॅरेजांचा तो कसबी वर्ग निर्माण झाला, ज्याची नोंद कुठल्याही सरकारी दफ्तरात कारागीर म्हणून झालेली नाही.

फियाटच्या चारही चाकांना ड्रम-ब्रेक असत आणि तेलाचा मार्ग मात्र एकच असे; म्हणजे एका चाकाचा रबरी होजपाइप फुटला तरी चारही चाकांचा ब्रेक एकदम जाई. या एका गोष्टीमुळे मिस्त्रीच्या कामाला वैद्याच्या कामाची गंभीरता येई. चाक उतरवून ड्रम हातोडीच्या लाकडी दांड्याने हलके ठोकीत मोकळा केला की मिस्त्री प्रथम लायनरची, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या अस्तराची, जाडी पाही, कारण रिबेटांची डोकी वर येईतो लायनर झिजले असतील तर त्यांनी ड्रमला आतून चरे पाडलेले असणार आणि ड्रम टर्निंगला धाडणे भाग पडणार हे त्याला ठाऊक असे. टर्निंगमुळे ड्रमचा घेर किंचित मोठा होई, त्याला लायनर बसवलेला जुना शू सर्वांगाने टेकत नसे. म्हणून ड्रमच्या आतल्या बाजूस खडू फासून, शू त्यावर दाबून फिरवून, लायनरवर खडू कोठे उमटला आणि कोठे नाही हे पाहून तेवढाच उंचवटा कानशीने उतरवण्याची रीत होती. चांगला मिस्त्री लायनरच्या दोन्ही कडाही तिरप्या घाशी, नाहीतर ब्रेक लागताना किंचाळे. एवढे झाल्यावर तेलात अडकलेली एअर, म्हणजे हवा, काढण्याचा विधी: मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे चाक प्रथम, पोऱ्या आत बसून पॅडल दाबतो आहे, मिस्त्री चाकापाशी उकिडवा बसून ‘दाब, दाब, आता धरून ठेव’ म्हणतो आहे, निपल अर्धा आटा सैल होतो आहे, आणि बाटलीत सोडलेल्या नळीतून बुडबुडे यावयाचे थांबेपर्यंत हाच क्रम चालला आहे. पॅडल पायाला दगडासारखा लागला म्हणजे काम संपले. यासाठी कोणतेही मापयंत्र नव्हते आणि त्याची गरजही पडत नसे.

क्रायस्लरच्या अभियंत्यांनी आणलेल्या रबरी वाट्या मुंबईच्या गॅरेजात ‘वॉशर’ या सरसकट नावाने वावरू लागल्या, आणि मिस्त्रीचे शहाणपण खऱ्या अर्थाने कसाला लागे ते याच क्षुद्र दिसणाऱ्या वस्तूच्या ठिकाणी. इंजिनाचे भाग धुण्याला रॉकेल उत्तम. परंतु त्याच रॉकेलच्या हाताने ब्रेकचा वॉशर धुतला तर खनिज तेलाने ते रबर फुगते, सिलिंडरात अडकून बसते आणि ब्रेक लागलेला सुटतच नाही. म्हणून वॉशर धुवायचा तो स्पिरिटाने अथवा ब्रेक ऑइलनेच, आणि बसवायचा तोही ब्रेक ऑइलमध्ये बुडवून, हा दंडक उस्ताद लोक पोरांच्या अंगी अक्षरशः मारून मुरवीत. त्या माराचे समर्थन मला करवत नाही. दंडकाचे मात्र करीन.

मुंबईचा पावसाळा हा या ब्रेकचा जन्मशत्रू. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरे आणि पुढले काही क्षण ब्रेक असून नसल्यासारखा होई. जाणते टॅक्सीवाले पाण्यातून बाहेर येताच पॅडलवर हलका पाय ठेवून तसेच थोडे अंतर जात, म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने लायनर सुके. याहून घातक असे ते न दिसणारे पाणी. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते आणि सामान्य प्रतीचे तेल ताजे असता २०५ अंश सेल्सिअसच्या वर उकळते, ते ओलावा मुरल्यावर १४० अंशांच्या आसपासच उकळू लागते. शहरात हे ध्यानात येत नसे. तीच गाडी प्रवासी घेऊन पुण्याहून परतताना १८३० साली गव्हर्नर जॉन माल्कमसाहेबाच्या अमदानीत खुल्या झालेल्या बोरघाटाच्या उतारावर लागली आणि चालकाने सारा भार ब्रेकवर टाकला, की तेलाची वाफ होई आणि पॅडल विनाविरोध तळाला जाई. ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर, ही चालकांची जुनी शिकवण याच अनुभवातून आलेली. घाटातल्या शिंगरोबाच्या देवळाशी नाणे टाकून पुढे जाणारा चालकही गिअर खालचाच ठेवी. गॅरेजात या ओलाव्याची दुसरी खूण सापडे: सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे. नवा सिलिंडर मिळणे दुरापास्त, तेव्हा जुना लेथवर पोखरून त्यात पितळेची स्लीव्ह ठोकली जाई; असे सिलिंडर पुन्हा गंजत नसत, म्हणजे मूळ मालापेक्षा दुरुस्त केलेला भाग सरस ठरे.

या कर्तृत्वाची जबर किंमत मिस्त्र्यांनी आपल्या छातीने मोजली. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड याने ब्रेकच्या लायनरात ॲस्बेस्टॉस आणला. उष्णता सोसण्यात त्याला तोड नव्हती, आणि जगभर तेच रूढ झाले. ड्रम उघडला की आत साचलेली राखाडी भुकटी गॅरेजातली पोरे तोंडाने फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवून साफ करीत. त्या भुकटीतले अदृश्य तंतू फुप्फुसात रुतून बसतात आणि दोन-तीन दशकांनी कर्करोगाच्या रूपाने वर येतात, हे त्या पोरांना कोणी सांगितले नाही. त्यांतले कितीजण कशाने गेले याची नोंद कोणी ठेवली नाही, याचा मला मनस्वी संताप आहे.

पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरताच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. आता ज्या फियाट उरल्या त्या हौशी मालकांच्या. पन्नास वर्षांपलीकडच्या गाड्यांना केंद्र सरकारने २०२१ साली ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली आणि सांगाडा, चासी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा अशी अट घातली. त्या यादीत ब्रेकचा उल्लेख नाही, आणि त्यामुळे ड्रम काढून डिस्क बसवण्याचा मोह अनेकांना होतो. माझे म्हणणे असे, की ड्रम राहू द्यावेत, पितळी स्लीव्हचे सिलिंडरही राहू द्यावेत, तेल मात्र दर दोन वर्षांनी बदलावे, लायनर ॲस्बेस्टॉसविरहितच घ्यावेत आणि भुकटी फुंकू न देता ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. नव्या लायनरला पॅडल किंचित अधिक दाबावा लागतो. खडू लावून ते नीट टेकवले तर हा फरक बराच कमी होतो, आणि ते काम जाणणारे वृद्ध मिस्त्री कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या आसपास अजून थोडे आहेत, तेव्हा गाडीचा सौदा करण्यापूर्वी त्यांच्यापैकी एकाचा ठावठिकाणा काढावा आणि त्याच्या हाताखाली एखादा तरुण बसवून त्याचा पगार आपण द्यावा.