गेलेल्या माणसाचें घर

इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह आणि राज्यारोहणें हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. आज मीं निवडलेला विषय त्या मानानें लहान आहे. घरांतलें माणूस गेल्यावर मागें राहिलेल्या त्याच्या वस्तूंचें काय करावें, हा तो विषय होय. माळ्यावरचे पेटारे, फडताळांतलीं धोतरें, खुंटीवरची टोपी, पानाचा डबा, किल्ल्यांचा जुडगा यांस हात लावण्याचें धैर्य होत नाहीं. आणि आपण हात न लावला तरी वाळवी आणि दमट हवा आपला हात लावल्यावांचून राहत नाहींत. "आज नको, पुढें पाहूं" असें म्हणतां म्हणतां दहा वर्षें निघून जातात. प्रश्न घरगुती खरा; परंतु त्यालाही इतिहास आहे, आणि आमच्या कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पासून ज्यास रायगड जिल्हा म्हणतात त्या प्रदेशाच्या किनाऱ्यावर तो ठळक अक्षरांनीं लिहिलेला आढळतो.

आपल्या पूर्वजांनीं या अडचणीचा विचार केला होता असें दिसतें. मृत्यूनंतरच्या अकराव्या-बाराव्या दिवशीं जीं दानें सांगितलीं आहेत तीं पाहा. छत्री, पादत्राणें, वस्त्र, पाण्याचें भांडें, आसन आणि अंथरूण-पांघरूण. गेलेल्याची पुढची वाट सुखाची व्हावी, हा त्यांतील भाव. परंतु व्यवहाराच्या दृष्टीनें पाहिलें तर त्यांत आणखीही एक शहाणपण आहे. शोकानें ज्याचे हातपाय गळाले आहेत त्याला विधि असें म्हणत नाहीं कीं, तुला उमेद येईल तेव्हां दे. तो तिथि सांगतो, वस्तु सांगतो, आणि घेणारा माणूस समोर बसवितो. एवढ्या वस्तु आज उंबऱ्याबाहेर जावयाच्या, अशी ती सौम्य सक्ति असते. आतां बहुतेक ठिकाणीं दानाची छत्री दुकानांतून नवी आणतात, आणि गेलेल्याची छत्री खुंटीवर तशीच राहते. विधि पार पडतो, पण त्यानें हलकें व्हावयाचें तें घर हलकें होत नाहीं.

आतां एका मोठ्या घराची हकीकत ऐका. अलिबागेसमोर समुद्रांत कुलाब्याचा किल्ला आहे. ओहोटीच्या वेळीं तेथें पायीं जातां येतें. शिवाजी महाराजांनीं १६८० सालीं त्याचें काम आरंभिलें आणि संभाजी महाराजांच्या कारकीर्दींत तें पुरें झालें. पुढें हें आंग्र्यांचें घर झालें. सरखेल कान्होजी आंग्रे ४ जुलै १७२९ रोजीं येथेंच निवर्तले. १८३८ च्या अखेरीस त्यांच्या वंशांतील दुसरे राघोजी वारले. त्यांच्या मृत्यूनंतर जन्मास आलेला पुत्र दुसरा कान्होजी हाही अल्पावधींतच गेला. औरस वारस उरला नाहीं, दत्तकास कंपनी सरकारनें मान्यता दिली नाहीं, आणि १८४० सालीं संस्थान खालसा झालें. लॉर्ड डलहौसीचें पाऊल हिंदुस्थानांत पडण्याच्या आधीं आठ वर्षें हें घडलें, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून बहुधा सुटून जाते.

त्यानंतर त्या घराची आवराआवर झाली, ती परक्या हातांनीं. १८४२ सालीं किल्ल्यांतील वाड्यांचें लांकूडसामान लिलांवानें विकण्यांत आलें, आणि तेथील दगड अलिबागच्या पाणीपुरवठ्याच्या बांधकामास लावले गेले. ज्या तुळयांखालीं आरमाराच्या मोहिमा ठरल्या त्यांवर हातोडा पडून किंमत ठरली. १८५३ सालीं नागपुरास तिसरे रघूजी भोसले वारले तेव्हां तेथेंही असेंच झालें. राजवाड्यांतील जडजवाहीर, हत्ती, घोडे लिलांवांत गेले. वृद्ध राणी बांकाबाईंनीं विरोध केला, पण तो कोणीं जुमानला नाहीं. दोन्हीं ठिकाणीं आवरणारास त्या घराचें दुःख नव्हतें, म्हणून काम चटकन उरकलें. आपणांस तें उरकत नाहीं, याची लाज वाटण्याचें कारण नाहीं. जड हात हें प्रेमाचेंच लक्षण आहे.

तथापि कुलाब्याच्या किल्ल्यांत आजही एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. वाडे गेले, परंतु पहिल्या राघोजींनीं १७५९ सालीं बांधलेलें सिद्धिविनायकाचें देऊळ उभें आहे, आणि समुद्राच्या मधोमध असून गोड्या पाण्याची विहीरही आहे. देवळांत पूजा चालू राहिली, विहिरीचें पाणी लोक पीत राहिले, म्हणून तीं टिकलीं. घर आवरावयास बसलेल्या माणसानें हें ध्यानांत धरावें. जी वस्तु कोणाच्या तरी वापरांत राहते ती राहते. केवळ जपून ठेवलेली बहुधा राहत नाहीं.

दुसरी हकीकत अधिक जवळची आणि अधिक दुःखाची आहे. १७ जुलै १९४७, आषाढाची अमावास्या. स्वातंत्र्याला अवघे २९ दिवस उरले होते. त्या सकाळीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' आगबोट रेवसला निघाली आणि वादळी पावसांत काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. मुंबईंत पोटासाठीं राहणारीं आणि सणासाठीं गांवीं निघालेलीं अशीं पुष्कळ माणसें त्यांत होतीं. रेवसच्या कोळ्यांनीं खवळलेल्या समुद्रांत होड्या घालून कित्येकांस वांचविलें, ही गोष्ट या किनाऱ्यानें अभिमानानें सांगावी अशी आहे. परंतु पुष्कळांचे देह हातीं लागलेच नाहींत.

ज्याचा देह मिळाला नाहीं त्याचें घर कसें आवरावें? शास्त्रानें अशा प्रसंगीं पालाशविधि सांगितला आहे. पळसाच्या पानांचे ३६० देठ घेऊन मनुष्याची प्रतिमा करावी आणि तिला अग्नि द्यावा. इंग्रजी अमदानींतील १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानेंही, सात वर्षें ज्याची वार्ता त्याच्या माणसांस नाहीं तो जिवंत असल्याचें सिद्ध करण्याची जबाबदारी तसें म्हणणारावर टाकली. धर्मानें आणि न्यायानें आपापल्या परीनें शेवट ठरवून दिला. पण दाराआड ठेवलेल्या वहाणांना कोणता कायदा लागू पडतो? त्या उचलल्या म्हणजे येणाराची वाट आपणच बंद केली, असें मनास वाटतें.

या भावनेस अज्ञान म्हणण्याची घाई करूं नये. जोन डिडियन या अमेरिकेंतील नामांकित लेखिका. पतीच्या मृत्यूविषयीं त्यांचें पुस्तक २००५ सालीं प्रसिद्ध झालें. त्याचे बाकीचे कपडे त्यांनीं दिले, पण जोडे देववेनात. तो परत आला तर त्याला ते लागतील, असें मनांत येई, हें त्यांनीं प्रांजळपणें लिहिलें आहे. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचे पति १८६१ सालीं वारले. त्यानंतर त्यांची खोली जशीच्या तशी राखली गेली. दाढीसाठीं ऊन पाणीही तेथें नित्य नेऊन ठेवीत. हा क्रम राणीच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारें ४० वर्षें चालला. १९०१ सालीं ती गेली आणि ती खोली मुलानें रिकामी करविली. आपण जें आवरीत नाहीं तें आवरल्यावांचून राहत नाहीं. फक्त आवरणारा बदलतो, आणि बहुधा त्या वस्तूंची कथा त्याला ठाऊक नसते.

कथा हरवणें म्हणजे काय, हें आमच्याच जिल्ह्याच्या एका सुपुत्रानें महाराष्ट्रास दाखवून दिलें. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ सालीं पेण तालुक्यांतील वरसई गांवचा. तरुणपणींच त्यांची पत्नी वारली. त्यांनीं दुसरा विवाह केला नाहीं. पुढचें सारें आयुष्य त्यांनीं लोकांच्या माळ्यांवर आणि कोठीच्या खोल्यांतून पडलेलीं दप्तरें सोडविण्यांत घालविलें. घरांतला मोडी वाचणारा शेवटचा वृद्ध गेला कीं ते रुमाल घरच्यांस ओझें वाटूं लागत. कोणी कागद बंबांत घाली, कोणी नदींत सोडी, कोणी वाण्याला पुड्या बांधावयास देई. कांहीं घरीं याच्या उलट प्रकार असे. पूर्वजांचे कागद म्हणून कोणास हात लावूं देत नसत, आणि उंदीर मात्र परवानगी विचारीत नसे. फेंकणारा आणि कवटाळणारा, दोघांच्याही हातून नाश सारखाच होई. राजवाड्यांनीं तिसरी वाट दाखविली. कागद सोडावा, वाचावा, नक्कल करावी, छापावा आणि सर्वांचा करावा. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. १७५० ते १७६१ या काळांतील, म्हणजे पानिपतापर्यंतचीं पत्रें त्यांत आहेत. असे २२ खंड झाले. कोणाच्या तरी घरची अडगळ ती एका राष्ट्राची स्मृति ठरली.

हेच राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळें येथें निवर्तले. मागें संसार नव्हता, संपत्ति नव्हती, कागद होते. ते रद्दींत जावयास वेळ लागला नसता. परंतु त्यांच्या चाहत्यांनीं लगोलग १९२७ सालीं धुळ्यास राजवाडे संशोधन मंदिराची स्थापना केली आणि तो संग्रह सांभाळला. गेलेल्याचें घर आवरण्याचा याहून उत्तम नमुना मला ठाऊक नाहीं. शोक करणारांनीं एकत्र येऊन आधीं विचारलें, या वस्तूंचा उपयोग कोणास आहे? मग त्या उपयोगासाठीं जागा केली.

पेशव्यांचें उदाहरणही याच किनाऱ्याचें आहे. बाळाजी विश्वनाथ भट श्रीवर्धनचे. त्यांच्या वंशजांचें राज्य १८१८ सालीं गेलें, शनिवारवाडा १८२८ च्या आगींत जळाला. परंतु दप्तर राहिलें. आणि रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० नंतरच्या चार-पांच वर्षांत त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ भाग छापून काढले. सातमजली वाड्यापेक्षां कागदाचा रुमाल अधिक टिकाऊ ठरला.

श्रोतेहो, इतिहासाचा हा सगळा विस्तार मीं एका व्यावहारिक प्रश्नासाठीं केला. घर आवरावयाची उमेद आणावी कोठून? मला वाटतें, उमेदीची वाट पाहत बसणें हीच मुळांत चूक आहे. वरच्या प्रत्येक उदाहरणांत काम पार पडलें तें तिथीमुळें किंवा घेणाऱ्यामुळें. आमच्या कोंकणांत ही तिथि निसर्गानेंच ठरवून दिली होती. मृग लागण्यापूर्वीं, वैशाखांत घर शाकारावयाचें. कौलें परतावयाचीं म्हणजे माळा रिकामा करावाच लागे. त्या निमित्तानें दरवर्षीं पेटारे खालीं येत, अंगणांत ऊन खात, आणि त्यांतले थोडे परत वर जातच नसत. स्लॅबचीं घरें झालीं, शाकारणी गेली, आणि तिच्याबरोबर ती वार्षिक आठवणही गेली. मुलें मुंबईंत, गांवचें घर कुलूपबंद. मग ३ जून २०२० चा दिवस येतो. त्या दुपारीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें. श्रीवर्धन, मुरुड, दिवेआगर येथील पोफळी-माडांच्या वाड्या भुईसपाट झाल्या, कौलें आणि पत्रे उडाले. माळ्यावर कित्येक वर्षें 'पुढें पाहूं' म्हणून ठेवलेलें सारें कांहीं तासांत भिजलें. निवड करण्याचें काम आपण टाळलें म्हणजे तें वारा आणि पाणी करतात, आणि त्यांना निवड येत नाहीं.

म्हणून माझी सूचना अशी. वैशाखांतला एक दिवस ठरवावा, आणि त्या दिवशीं संबंध घर नव्हे, एकच पेटारा खालीं काढावा. एकट्यानें बसूं नये. गेलेल्यास ओळखणारें दुसरें कोणी जवळ असावें, म्हणजे प्रत्येक वस्तूबरोबर दोन शब्द निघतात आणि ते घरांतल्या मुलांच्या कानीं पडतात. घरांतली वडीलधारी बाई, मग ती पत्नी असो, आई असो कीं बहीण, तिला विचारल्यावांचून एकही वस्तु हलवूं नये. बांकाबाईंना कोणीं विचारलें नव्हतें, हें आठवावें. वस्तु हातीं घेतांना "ही टाकूं का?" असें म्हणूं नये, "ही कोणाला उपयोगी पडेल?" असें म्हणावें. पहिल्या प्रश्नाला मन नाहींच म्हणतें; दुसऱ्या प्रश्नाला तें एखादें नांव सुचवितें. घोंगडी थंडींत कुडकुडणाऱ्याकडे जाईल, पुस्तकें गांवच्या वाचनालयांत जातील. एखादा अडकित्ता मात्र कोणालाच द्यावासा वाटणार नाहीं. तो खुशाल ठेवावा आणि वापरावा.

कागद सर्वांत शेवटीं पाहावे. मोडी अक्षर दिसलें, जुनी सनद, वाडीची वही, गलबताचा हिशेब दिसला, तर तो रद्दींत घालण्यापूर्वीं पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळास, धुळ्याच्या राजवाडे मंडळास किंवा सरकारी पुराभिलेखागारास दाखवावा. हें मंडळ राजवाड्यांनींच १९१० सालीं मेहेंदळ्यांच्या साहाय्यानें उभें केलें, तें अशाच कागदांसाठीं.

गेलेलें माणूस वस्तूंत नसतें, असें सांगून कोणाचें समाधान करण्याचा माझा विचार नाहीं. पेटारा उघडतांना येणारा वास त्याचाच असतो, हें आपण सर्व जाणतों. परंतु तें माणूस ज्या हातांनीं दुसऱ्यांना देत होतें, ते हात आतां आपले आहेत. त्याची घोंगडी दुसऱ्याच्या खांद्यावर गेली, त्याचा कागद दुसऱ्यानें वाचला, म्हणजे घरांतलें त्याचें स्थान कमी होत नाहीं. घराबाहेर त्याला आणखी एक स्थान मिळतें. येत्या वैशाखांत एक पेटारा खालीं काढावा, एवढीच विनंति करून आपली रजा घेतों.