चादरीची भोकं आणि प्रकाशाची चिप

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी नेहमीसारखा लिहून देतोय. बोललो तसाच ठेवलाय, जरा आवरून.

आजची गोष्ट सोलापुरात सुरू होते, पूर्व भागात. माझे मामा तिथे एका चादरीच्या कारखान्यात जॅकार्डच्या कार्डांना भोकं पाडायचे. तीस वर्षं तेच काम. ज्यांनी जॅकार्ड पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागाच्या डोक्यावर एक यंत्र बसवलेलं असतं. त्याच्या हुकांना दोऱ्या बांधलेल्या असतात, आणि त्या खाली ताण्याच्या उभ्या धाग्यांपर्यंत जातात. प्रत्येक आडव्या धाग्यासाठी पुठ्ठ्याचं एक कार्ड पुढे येतं. कार्डात भोक असेल तर सुई आत जाते, हुक जागेवर राहतो आणि धागा वर उचलला जातो. भोक नसेल तर हुक बाजूला ढकलला जातो, धागा खालीच राहतो. एवढंच. चादरीवरचा मोर, फूल, नक्षी, सगळं या 'उचल' आणि 'नको उचलू' मधून येतं.

हे यंत्र जोसेफ मारी जॅकार्डने 1804 च्या सुमारास फ्रान्समध्ये, लियॉनला, उभं केलं. 1839 मध्ये लियॉनलाच त्याचं एक रेशमी चित्र विणलं गेलं, त्याला सुमारे 24,000 कार्डं लागली. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजकडे त्याची एक प्रत होती, आणि आपल्या गणनयंत्रासाठी त्याने कार्डांची कल्पना इथूनच उचलली. पुढे 1890 ला अमेरिकेची जनगणना हॉलरिथच्या कार्डांवर मोजली गेली. ही गोष्ट तुम्ही कुठेतरी ऐकली असेलच, 'माग हा कॉम्प्युटरचा आजोबा' वगैरे. लोक तिथेच थांबतात. मला मात्र कार्डांपेक्षा त्या दोऱ्यांचं जास्त वाटतं. लहानपणी कारखान्यात गेलो की मी वर बघत बसायचो. शेकडो दोऱ्या, प्रत्येकीचं वेगळं काम, आणि एक जरी गुंतली तरी माग बंद.

ते आठवायचं कारण माझी मामेबहीण. ती पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सला शेवटच्या वर्षाला आहे. तिला प्रोजेक्ट हवा होता क्वांटममध्ये, आणि तिला सगळीकडून एकच उत्तर मिळालं की ते फिजिक्सवाल्यांचं काम, तू सॉफ्टवेअर घे, नोकरी लागेल. तिने मला फोन केला. मी वाचायला बसलो, आणि दोऱ्याच दिसायला लागल्या.

प्रकाशावर चालणाऱ्या क्वांटम यंत्रात फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे एकेक कण, सिलिकॉनच्या किंवा काचेच्या चिपवर कोरलेल्या बारीक वाटांनी जातात. दोन वाटा एकत्र येतात, फुटतात, परत एकत्र येतात. एका वाटेवर छोटा हीटर असतो. तो तापवला की तिथून जाणाऱ्या प्रकाशाची लाट किंचित मागेपुढे होते, आणि फोटॉन कुठल्या बाजूने बाहेर पडण्याची शक्यता किती, हे बदलतं. 1994 मध्ये अँटोन झाइलिंगर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की अशा जोड्यांची जाळी केली तर वाटांमध्ये हवी ती मिसळण करता येते. 2015 मध्ये ब्रिस्टलच्या गटाने सहा वाटांची अशी चिप करून दाखवली. त्यात 15 जोड्या आणि 30 हीटर होते. तीच चिप, फक्त व्होल्टेज बदलायचं आणि नवा प्रयोग. कार्डं बदला, नवी चादर.

आता हिशेब करा. सहा वाटांना 15 जोड्या, तर शंभर वाटांना 4,950. प्रत्येकीला दोन हीटर धरले तर 9,900. प्रत्येक हीटरला स्वतःचं अचूक व्होल्टेज हवं, म्हणजे स्वतःची वायर. एकेकाला 10 मिलीवॅट धरले तरी जवळपास 100 वॅट झाले. घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी वीज, छोट्याशा तुकड्यात! आणि एक हीटर तापला की शेजारच्या वाटेलाही झळ लागते. चादरीत शेजारचा धागा असा आपोआप उचलला जात नाही, तेवढं मागवाल्यांचं नशीब चांगलं.

शिवाय घाई. काही गणितांत एक फोटॉन मोजायचा, आणि उत्तर बघून दुसऱ्याची वाट ठरवायची, तो पुढे निघून जायच्या आत. काचेच्या तारेत प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण 20 सेंटीमीटर जातो. इलेक्ट्रॉनिक्सने निर्णयाला 200 नॅनोसेकंद घेतले तर दुसऱ्या फोटॉनला 40 मीटर तारेच्या वेटोळ्यात फिरवत ठेवावं लागतं. तारेत वाया जाणारे फोटॉन वेगळेच.

म्हणजे अडलंय कुठे? प्रकाशाला हुकूम देणाऱ्या चिपपाशीही, आणि हे काम इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं आहे. आपल्याकडेही असंच काम चाललंय. ऑगस्ट 2024 मध्ये सहा क्यूबिटच्या क्वांटम प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. तो प्रकाशावर नाही, अतिवाहक सर्किटवर चालतो, हे खरं. पण कामाची वाटणी बघा. क्यूबिट मुंबईच्या टीआयएफआरने बनवले, क्लाउडची बाजू टीसीएसने सांभाळली, आणि त्यांना चालवणारी, मोजणारी यंत्रणा पुण्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने बाजारात मिळणारी उपकरणं आणि स्वतः प्रोग्रॅम केलेले बोर्ड जोडून उभी केली. एप्रिल 2023 च्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये, 6,003 कोटींच्या, अतिवाहक आणि प्रकाश या दोन्ही वाटांची नावं आहेत.

हे सगळं मी गेल्या दिवाळीत सोलापूरला सांगत होतो. मामा शांतपणे चहा पीत होते. कारखान्यात इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आला, डिझाइन कॉम्प्युटरवरून थेट मागावर जायला लागलं, आणि मामांचं काम एका महिन्यात संपलं. इलेक्ट्रॉनिक्स या शब्दावर त्यांचा फारसा जीव नाही. तरी त्यांनी विचारलं, "चुकलं तर कळतं कसं बे?"

हा खरा त्यांचा प्रश्न. एक भोक चुकलं की प्रत्येक चादरीत त्याच जागी तीच चूक यायची. मामा चादर अंथरायचे, धागे मोजत मागे जायचे आणि नेमकं कार्ड काढून द्यायचे. मालकसुद्धा त्या वेळी बाजूला उभे राहायचे.

मी म्हटलं, मामा, तेच आत्ता चाललंय. जुलै 2025 मध्ये बोस्टन, बर्कली आणि नॉर्थवेस्टर्न या तीन विद्यापीठांच्या लोकांनी एक चिप प्रसिद्ध केली. साध्या व्यापारी कारखान्यातली, 45 नॅनोमीटरची. तिच्यावर फोटॉनच्या जोड्या तयार करणारी 12 बारीक वळी आहेत. वळं जरा गरम-थंड झालं की लेझरशी सूर तुटतो. म्हणून वळ्यातच प्रकाश मोजणारा डोळा ठेवलाय, शेजारी हीटर, आणि त्याच चिपवर दोघांना जोडणारं सर्किट. डोळा बघतो, सर्किट हीटर कमी-जास्त करतं, सतत.

"म्हणजे कापड बघून कार्ड दुरुस्त करायचं," मामा म्हणाले.

"हो. फक्त माग न थांबवता."

बहीण शेजारीच बसली होती. तिने त्यांना वहीत सर्किट काढून दाखवलं. मामांनी चष्मा लावला आणि पहिला प्रश्न विचारला, की यात डोळाच खोटं बोलला तर? तिच्याकडे उत्तर नव्हतं. जानेवारीत तिने प्रोजेक्टचा विषय भरला. हीटरच्या एका छोट्या कंट्रोल सर्किटचा, आणि त्यातला एक भाग मोजणाऱ्या डोळ्याची चूक पकडण्याचा आहे.